कोपराच्या खळग्यात नाक

लंडनजवळच्या स्लाऊ गावात, स्टेशनच्या बाहेर, भर सकाळी, पीएच.डी. करणारी मोठी मोठी माणसं हात दुमडून स्वतःच्या कोपराच्या खळग्यात नाक खुपसून उभी आहेत, हे दृश्य मी पाहिलं आहे. पाहिलं कसलं, मीही त्यांच्यातच उभी होते. कामावर निघालेले लोक आमच्याकडे बघत बघत आत जात होते. एका बाईने आपल्या मुलीचा हात घट्ट धरला आणि ती जरा लांबून वळसा घालून गेली. मला त्या बाईचं पटलं.

याला म्हणतात नाक शून्यावर आणणं. शहराचे वास टिपायला निघालेल्या संशोधकाने अधूनमधून स्वतःच्या अंगाचा वास घ्यायचा, म्हणजे आधीचा वास पुसला जातो आणि नाक पुन्हा कोरं होतं, असं आमच्या प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून तो शून्य. बाकी जगाचे वास त्या शून्यापासून मोजायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच मळमळायला लागलं होतं, पण सकाळची कॉफी प्यायले नाही म्हणून होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कॉफीवर बंदी होती. परफ्यूम, मिंटच्या गोळ्या, सुगंधी साबण यांच्यावरही होती.

ही उन्हाळी कार्यशाळा होती. विषय, शहरी संशोधनाच्या पद्धती. मी साउथहॅम्प्टनला बसथांब्यांवर ताटकळणाऱ्या माणसांवर संशोधन करते. ते ऐकून लोक हसतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण लंगडं आहे असं गाइडबाईंचं मत पडलं आणि त्यांनी माझं नाव परस्पर इथे घातलं. आठवडाभर स्लाऊमध्ये राहायचं, एका भाड्याच्या हॉलमध्ये बसायचं, शहर कसं वाचावं, कसं ऐकावं, कसं हुंगावं ते शिकायचं. शहर फक्त राहण्यासाठी असतं ही माझी समजूत पहिल्याच दिवशी खोडून काढली गेली.

पहिल्या दिवसाचा मला जेवढा वीट आला तेवढा एका दिवसात कशाचा आलेला आठवत नाही. आम्ही गोल करून बसलो आणि प्रत्येकाने 'मी कुठून बोलतो' ते सांगायचं होतं. गावाचं नाव सांगून भागणार नव्हतं. आपण किती सुखवस्तू, आपली नजर किती कलुषित, आपल्याला किती गोष्टी आयत्या मिळाल्या याची जाहीर कबुली द्यायची. जो जास्त कबूल करील त्याच्याकडे बाकीचे जास्त आदराने बघत. आमच्यात मुंबईचा एक मुलगा होता, शहरांतल्या बाजारपेठांवर काम करणारा, लिननचा शर्ट, गळ्यात कापडी पिशवी. त्याने सगळ्यांवर ताण केली. मी पुरुष, मी इंग्रजी माध्यमातला, मी खाऊनपिऊन सुखी, सबब माझ्या नजरेवर माझाच विश्वास नाही, असं तो इतक्या सुंदर इंग्रजीत म्हणाला की पलीकडच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, मी पुण्याची, मला बसची वाट बघायचा भरपूर अनुभव आहे. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मी मुक्कामाला काकूंकडे जायचे. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या जुन्या मित्राची बायको. वडिलांचे ते मित्र, आमचे काका, ऐन तरुणपणी इकडे आले आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका गोदामात नोकरी करत राहिले. दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकू मूळच्या मालवणकडच्या. एका चिंचोळ्या रस्त्यावर, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत त्यांचं घर आहे. कार्यशाळेचं कळल्यावर त्यांनी मला फोनवरच दम भरला होता, की हॉटेलात राहिलीस तर माझ्याशी बोलू नकोस.

त्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा वास यायचा. लसूण, कोकम, तळलेली मिरची, त्यांच्या केसांचं तेल, देवापुढची उदबत्ती आणि त्या सगळ्याच्या तळाशी सुक्या मासळीचा एक दमदार वास. मला तो फार आवडतो. मी मासे खाणाऱ्या घरातली नाही, तरीही आवडतो. त्या वासात शिरलं की कुणीतरी आपली वाट बघत होतं याची खात्री पटते.

पण या वासाची एक कहाणी होती आणि ती काकूंनी मला पहिल्याच रात्री जेवताना सांगितली. काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. उलट त्या खुशीत होत्या.

लग्न होऊन इथे आल्यानंतर काही महिन्यांतच एकदा त्यांनी बोंबील भाजले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर पायरीवर एअर फ्रेशनरचा नवाकोरा डबा. चिठ्ठी नाही, काही नाही.

"मला वाटलं गिफ्ट आहे गं," काकू म्हणाल्या. "वेलकम वगैरे करतात ना इकडे. मी यांना म्हटलं, बघा, नेबर्स किती चांगले आहेत. आपणही काहीतरी द्यायला हवं. मी रव्याचे लाडू वळायला घेतले. मग यांनी मला सांगितलं, की तो डबा कशासाठी ठेवलाय."

त्यानंतर घरात मासे शिजले नाहीत. मागच्या अंगणात सायकली आणि कुदळी ठेवायची लाकडी शेड होती, तिथे काकांनी गॅसची शेगडी मांडून दिली. मासे तिथे. जानेवारीतसुद्धा तिथेच. काकू अंगात ओव्हरकोट, पायात जाड मोजे, वर चप्पल अशा अवतारात बांगडे तळायच्या, आणि शेडचं छप्पर गळायचं म्हणून काका त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. अशी सगळी वर्षं गेली. तो शेजारी केव्हाच घर विकून गेला, त्याच्यानंतर आणखी कितीतरी आले, पण शेड सुटली नाही. भीती एकदा अंगात मुरली की माणूस ती कुणाची होती हेसुद्धा विसरतो.

"हे गेले आणि छत्री धरायला कोणी उरलं नाही," काकू म्हणाल्या. "मग ह्या मार्चमध्ये मी म्हटलं, इनफ. पॅन उचलला, किचनमध्ये आणला, विंडो सताड उघडली आणि मासे तळले. आधी दोनदा रोडवर डोकावून बघितलं हं. कोणी काही बोललं नाही. आता मी घाबरत नाही."

ती खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. तिच्यात त्यांनी कढीपत्त्याचं रोप ठेवलं होतं. ती खिडकी पुन्हा बंद होऊ नये, एवढंच मला त्या आठवड्यात मनापासून हवं होतं. बाकी पद्धती वगैरे गेल्या खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी हुंगण्याची रंगीत तालीम झाली, तीच ती स्टेशनबाहेरची. खरी फेरी तिसऱ्या दिवशी होती. प्राध्यापकांनी नकाशावर बोट फिरवून मार्ग आखला. स्टेशन, हाय स्ट्रीट, बस स्थानकाची मागची बाजू, कालवा, आणि मग 'राहत्या वस्तीचा पोत' कळावा म्हणून काही निवासी रस्ते. त्यांचं बोट काकूंच्या रस्त्यावरून गेलं. मी म्हटलं, त्या रस्त्यावर मी उतरले आहे. ते म्हणाले, उत्तम, अगदी उत्तम.

काकूंनी घरी विचारलंच. "म्हणजे नक्की करता काय तुम्ही? नुसतं स्मेल करत फिरता?"

"हो."

"आणि त्याला पीएच.डी. देतात?"

मी त्यांना कोपराचं करून दाखवलं. काकू हसता हसता खुर्चीत बसल्या. त्यांनी स्वतः करून बघितलं, "मला तर काहीच येत नाही," म्हणाल्या. मी सांगितलं, तोच तर मुद्दा आहे, आपला आपल्याला येत नाही. त्या पुन्हा हसल्या. मग एकदम कामाला लागल्याच्या सुरात म्हणाल्या, "आमच्या रोडवरून जाणार ना उद्या? मग मी सुक्या बोंबलाचं कालवण करते."

"काकू, कशाला? नेहमीचं काहीतरी करा."

"नेहमीचंच आहे ते. इतकी शिकलेली माणसं मुद्दाम स्मेल करायला येणार, आणि मी काय टोस्ट भाजू?"

पाहुणे चालत येणार आहेत, ते जेवणार नाहीत, फक्त वास घेणार आहेत; तर मग वासाचाच पाहुणचार करायचा. काकूंचा हिशोब सरळ होता. इतक्या आनंदाने भिजत घातलेले बोंबील उचलून ठेवा असं सांगायची माझी छाती झाली नाही.

फेरी मौनात करायची होती. बोललं की नाक विचलित होतं म्हणे. आम्ही हातात जाड कागदाची कार्डं घेऊन, एकामागून एक, मान किंचित वर करून चाललो होतो. मध्येच कुणीतरी थांबे, डोळे मिटे, छाती भरून श्वास घेई आणि लिहू लागे. काही जण भिंत हुंगत होते. एक जण कालव्याच्या कठड्यावर ओणवा झाला होता. कचऱ्याच्या डब्यापाशी तर अशी गर्दी झाली की जणू तिथे प्रसाद वाटत होते. आणि प्रत्येक वळणावर कोपर. दुमडला हात, खुपसलं नाक, झालं शून्य. उन्हाने सगळ्यांना घाम फुटला होता. माझ्या पुढच्या माणसाच्या शून्याचा मला इतका वास येत होता की मी तोच कार्डावर लिहिणार होते.

काकूंच्या रस्त्याच्या तोंडाशीच कालवणाने आम्हाला गाठलं. लसणाची फोडणी नुकतीच पडली असावी. खिडकी सताड उघडी. खिडकीत काकू, केस विंचरलेले, कपाळावर टिकली, हातात पळी. आम्हाला बघून त्यांनी हात हलवला. मौन पाळणाऱ्या त्या विद्वानांपैकी एकानेही हात वर केला नाही. एक मुलगी थबकली, तिने नाक मुरडलं आणि घाईघाईने कोपर गाठलं. तिच्यामागे दुसरा. मग रांगच्या रांग. आपल्यासाठी मुद्दाम स्वयंपाक करून उभ्या असलेल्या बाईच्या खिडकीसमोर ती सगळी माणसं स्वतःच्या दंडात तोंड लपवून उभी राहिली. मला इतकी शिसारी आली की पायातला बूट काढून एकेकाच्या नाकावर हाणावा असं वाटलं. मी दोन्ही हात वर करून काकूंच्या दिशेने हलवले. प्राध्यापकांनी ओठांवर बोट ठेवलं.

काकूंना मात्र वाटलं, माणसं मन लावून काम करताहेत. रात्री मला म्हणाल्या, "किती सीरियसली करतात गं!"

त्याआधीची दुपार सांगायची राहिली. हॉलच्या भिंतीवर स्लाऊचा मोठा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाला रंगीत गोल ठिपक्यांची पानं दिली होती. आवडला तर हिरवा, ना आवडता ना नावडता तर पिवळा, नावडता तर लाल. ज्या जागी ज्या रंगाचे ठिपके जास्त, तो त्या जागेचा निकाल. ट्रेडिंग इस्टेटकडून वाऱ्यावर येणारा गोडसर कोकोचा वास हिरवा. नव्या कॉफीच्या दुकानाचा हिरवा. कापलेल्या गवताचा अर्थातच हिरवा. बस स्थानकामागे गांजाचा वास होता, त्याला 'तरुणांची संस्कृती' म्हणून बऱ्याच चर्चेनंतर पिवळा मिळाला. आणि काकूंच्या रस्त्यावर लाल, लाल, लाल. पुढे येणारा प्रत्येक जण कार्डावरचं वर्णन वाचून ठिपका चिकटवत होता. कुजकं. बंदरासारखं. कपड्यांना चिकटून राहणारं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलेल्या मुलीने शब्द निवडला, घुसखोर. या शब्दाला प्राध्यापक 'अहा' म्हणाले.

माझ्या कार्डावर मी लिहिलं होतं, लसूण, कोकम, बोंबील, काकू. मी हिरवा लावला. मग मुंबईचा मुलगा उठला. चला, म्हटलं, निदान एक जण तरी सुक्या मासळीला सुकी मासळी म्हणेल. त्याने नकाशासमोर क्षणभर विचार केला आणि लाल लावला.

मी उठून बोलले. आवाज चढला होता. म्हटलं, तो एका घराचा स्वयंपाक आहे, त्या बाईंनी तुमच्यासाठी केला होता, आणि तुम्ही त्याला कुजकं म्हणता? त्यांना विचारलंत? प्राध्यापक अत्यंत मायाळू आवाजात म्हणाले, की वास सार्वजनिक जागेत येतो, त्यामुळे त्याला कुणाची संमती लागत नाही, आणि घराचा क्रमांक आपण कुठे टाकला आहे? मी म्हटलं, त्या रस्त्यावर बोंबील एकाच घरात शिजतात. ते म्हणाले, तुझा राग हा फार समृद्ध डेटा आहे. आणि त्यांनी खरोखर एका चिकट चिठ्ठीवर 'राग' असं लिहून ती नकाशाच्या कडेला चिकटवली. बाकीच्यांनी तिचा फोटो काढला.

मी बाहेर आले. चहाच्या मशीनपाशी मुंबईचा मुलगा मागोमाग आला आणि इतके दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलणारा तो एकदम मराठीत शिरला.

"ए, इतकी का चिडलीस? पर्सनली घेऊ नकोस."

"तुला कळलं होतं ना, कशाचा वास होता?"

"ऑफकोर्स! लगेच. सुके बोंबील. माझी आई करते. पण तोच तर प्रॉब्लेम आहे ना. मी इनसायडर आहे. मी ग्रीन लावला असता तर सगळ्यांना वाटलं असतं, हा बायस्ड आहे. म्हणून मी ते करेक्ट केलं."

"करेक्ट केलं म्हणजे?"

"म्हणजे ज्याला हॅबिट नाही त्याला कसं वाटेल, ते इमॅजिन केलं आणि त्याप्रमाणे व्होट दिलं."

"आणि तुला स्वतःला? तिथे उभा होतास तेव्हा तुला काय झालं?"

तो जरा गोंधळला. मग अगदी निरागसपणे म्हणाला, "मला? मला जाम भूक लागली."

भूक लागली, म्हणून लाल. मी बऱ्याच मूर्ख माणसांशी बोलले आहे, स्वतःही कमी मूर्खपणा केलेला नाही, पण इतकी मेहनत घेऊन, इतकी पुस्तकं वाचून कमावलेला मूर्खपणा मी प्रथमच बघत होते. बाकीच्यांना निदान खरोखर घाण वाटली होती. ह्याने तोंडाला सुटलेलं पाणी गिळून आईच्या कालवणावर लाल ठिपका डकवला, आणि वर ते प्रामाणिकपणाच्या खात्यात जमा केलं. मला त्याची किळस आली. अजून येते.

शेवटच्या दिवशी नकाशाचं प्रदर्शन होतं, रहिवाशांसाठी खुलं. मी काकूंना म्हटलं, फार कंटाळवाणं असतं, येऊ नका. पण त्यांच्या दाराच्या फटीतून छापील पत्रक आत पडलं होतं. "मला इन्व्हिटेशन आहे," त्या म्हणाल्या आणि खोबरं किसायला बसल्या. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेले, नकाशासमोर उभी राहिले आणि काकूंच्या रस्त्यावरचे लाल ठिपके नखाने खरवडून काढले. नखांत चिकट गोंद भरला. एकदम हलकं वाटलं. मग मागे वळले तर प्रोजेक्टरचा पडदा उतरवलेला, आणि त्यावर तोच नकाशा, संगणकावर नव्याने काढलेला, झळाळता. आदल्याच दिवशी त्यांनी ठिपके मोजून ठेवले होते. ठिपक्यांचे आता ढग झाले होते. काकूंच्या रस्त्यावर लालभडक ढग उतरला होता, आणि तो नखाने निघणारा नव्हता.

काकू आल्या. मोरपंखी साडी, वर कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा. सगळ्यांनी वड्यांवर झडप घातली. काय सुगंध आहे, वेलची का ही, किती अस्सल! ज्यांनी कुजकं लिहिलं होतं ते बोटं चाटत होते. प्राध्यापकांनी काकूंचा हात हातात घेऊन 'आमच्या समुदाय-सहकारी' अशी त्यांची ओळख करून दिली. कौन्सिलमधून आलेल्या एक बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, अशा ठिकाणी घराघरांत एक्झॉस्ट फॅनबद्दल मार्गदर्शन करता येईल. त्याही भल्या होत्या. त्या हॉलमध्ये सगळेच भले होते, त्याचाच मला उबग आला होता.

काकू पडद्याजवळ गेल्या. आपलं घर नकाशावर शोधतात तसं त्यांनी बोट हवेत फिरवलं. स्टेशन, हाय स्ट्रीट, कालवा, मग आपला रस्ता. बोट थांबलं. मी पुढे झाले आणि पटकन म्हटलं, "लाल म्हणजे सगळ्यात जास्त जाणवलेला वास, काकू."

पडद्याच्या कोपऱ्यात कोणत्या रंगाचा काय अर्थ ते इंग्रजीत लिहिलं होतं. काकू निम्म्याहून जास्त आयुष्य इंग्लंडमध्ये राहिल्या आहेत, इंग्रजी पेपर वाचतात. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाल्या.

तेवढ्यात मुंबईचा मुलगा आला, तोंडात वडी, हातात दुसरी. "काकू, नमस्कार! काय वड्या झाल्यात! एकदम घर आठवलं."

"तुमचं गाव कुठलं?" काकूंनी विचारलं.

"मुंबईच. पण आई देवगडची."

"म्हणजे आमच्याकडचेच. मग त्या दिवशी तुम्ही ओळखलं असेल, मी काय करत होते ते."

"हो! लगेच!" तो खुशीत म्हणाला. "रोडवर वळलो आणि लगेच ओळखलं!"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. पुन्हा त्याच्याकडे. त्याचा चावणारा जबडा हळूहळू थांबला. काकूंनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय ना हे अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "निघू या?"

बसथांब्यावर आम्ही उभ्या होतो. ताटकळणाऱ्या माणसांवर मी इतकं लिहिलं आहे, पण त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. बस आली नाही आणि काकूच बोलल्या.

"तू म्हणाली होतीस ना, आपला आपल्याला येत नाही?"

"काकू, ते सगळं थोतांड आहे. ती माणसं मूर्ख आहेत."

"नाही, पण ते बरोबर आहे. येत नाहीच. म्हणजे मार्चपासून सगळ्यांना येत असणार, आणि कोणी बोललं नाही एवढंच. मला वाटलं, कोणाला काही वाटतच नाही."

मी भांडले. अक्षरशः भांडले, त्यांच्याशीच. म्हटलं, तो तुमच्या घराचा वास आहे, तो जगातला सगळ्यात चांगला वास आहे, त्यांना कोकोच्या कारखान्याचा वास हिरवा वाटतो आणि गांजाचा चालतो, त्यांच्या नाकाला काय किंमत द्यायची? काकू हो हो म्हणत होत्या. लहान मुलाची समजूत काढताना म्हणतात तसं.

पुढे साउथहॅम्प्टनला मला ई-मेलने प्रमाणपत्र आलं. शहरी संशोधनाच्या संवेदनाधारित पद्धतींत मी आता प्रशिक्षित आहे. गाइडबाई खूश झाल्या. मी ते उघडलं, बंद केलं आणि पुन्हा बघितलेलं नाही.

ऑक्टोबरात मी काकूंकडे गेले. फोनवर त्या ठीक वाटायच्या. रस्त्याच्या तोंडाशी मी सवयीने श्वास घेतला आणि काहीच आलं नाही. ओली पानं, कुणाच्या तरी गाडीचा धूर. खिडकी बंद होती आणि आतून पडदा ओढलेला होता. कढीपत्त्याचं रोप काचेला टेकून पिवळं पडलं होतं.

दार उघडलं आणि लॅव्हेंडरचा भपकारा नाकात घुसला. विजेच्या सॉकेटमध्ये खोचतात त्या बाटल्या, एक जिन्यापाशी, एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. हॉटेलांच्या टॉयलेटमध्ये असतो तो वास. मला ओकारी येईल असं वाटलं. काकूंनी पास्ता केला होता.

"फ्रीझर साफ केला परवा," त्या सहज म्हणाल्या. "सगळं जुनं होतं."

"आणि शेड?"

"शेडमध्ये आता कुठे जाणार मी, ह्या वयात?"

आम्ही पास्ता खाल्ला. चांगला झाला होता. इकडचं तिकडचं बोललो. निघताना मी बूट चढवले आणि नेहमीसारखी त्यांना मिठी मारायला पुढे झाले. काकू एक पाऊल मागे सरकल्या. त्यांनी हात दुमडला, कोपराच्या खळग्यात नाक घातलं, अगदी मी शिकवलं होतं तसं, आणि डोळे मिटून श्वास घेतला.

"मला तर काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तू सांग. येतो का गं?"

मी त्यांना घट्ट धरलं, त्यांच्या खांद्यावर नाक दाबलं आणि शोधत राहिले. लसूण नाही, कोकम नाही, केसांचं तेलसुद्धा नाही.

"नाही, काकू," मी म्हटलं. "कसलाच येत नाही."

"हुश्श," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनीही मला जवळ घेतलं.